पहिली रेघ ओढ्याची

निसर्गशिक्षणाचं केंद्र उभारतोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो : खोल्या किती? प्रश्न रास्त आहे. मुलांना रात्री कोरडी जागा हवी, स्वच्छ संडास हवेत. पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या बाजूला आमचं केंद्र आखायला बसलो तेव्हा कागदावर पहिली रेघ ओढ्याची काढली. मग मुलांनी कुठे कुठे थांबायचं त्या जागा ठरल्या, त्यांना जोडणारी पायवाट ठरली, आणि उरलेल्या जागेत इमारत बसवली.

शिकवण्याचा प्रत्येक विषय आम्ही एका कसोटीवर घासून घेतो. हा पाठ पुण्यातल्या टेकडीवर जसाच्या तसा घेता येईल का? येत असेल तर तो इथे घ्यायचा नाही. मुलांना एवढ्या लांब आणायचं तर इथेच कळेल असं काही त्यांच्या हाती लागलं पाहिजे.

या कसोटीवर उतरलेला आमचा सर्वांत मोठा पाठ पाण्याचा. घाटघरला पाऊस नुसता कोसळतो, आणि त्याच तालुक्यात पूर्वेला सरकावं तसा तो झपाट्याने कमी होतो. वाटेत पिकं बदलतात. भात, नागली, वरई मागे पडते आणि बाजरी दिसू लागते. प्रवरा रतनगडावर उगम पावते. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, आणि तिथलं पाणी खाली श्रीरामपूर, राहात्याकडच्या उसापर्यंत जातं. तरी ज्यांच्या कौलांवर हा पाऊस पडतो, त्यांच्या कित्येक वाड्यांत उन्हाळ्यात बायाबापड्या हंडा घेऊन दूर चालतात. असं का, हे मुलांनी स्वतः शोधायचं.

उत्तराचा एक भाग ओढ्याच्या वळणावर उघडा पडलेला आहे. कातळाच्या दोन थरांच्या मधे तांबड्या मातीचा हातभर पट्टा दिसतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक थर वाहून थंड झाला, त्याच्यावर माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी या घट्ट पट्ट्याशी अडतं आणि कडेने पाझरतं. पट्ट्यावर बोट ठेवलं की ते ओलं होतं. भेगा सोडल्या तर बाकीचा कातळ पाणी मुरूच देत नाही, म्हणून एवढा पाऊस उतारावरून धावत निघून जातो. मुलं इथे बराच वेळ थांबतात. घाई करायची नाही, हे आम्ही मार्गदर्शकांना पुन्हा पुन्हा सांगतो.

भिंती कुडाच्या केल्या. इथल्या अभयारण्यातली काडीही आणायची नाही, हा नियम. त्यामुळे गावकऱ्यांच्या मालकीच्या रानातली कारवी घेतली. काठ्या उभ्या लावून आडव्या पट्ट्यांना बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या. जोतं दगडाचं, पश्चिमेची झड अडवायला पडवी खोल. पावसाळ्यानंतर लिंपण दर वर्षी नवं करावं लागतं आणि ते मुलं करतात. घर राखावं लागतं, हे हात चिखलात घातल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते, हेही त्यांना तिथेच कळतं.

मुलांच्या भोवतालातूनच शिकवायची ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. याच अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. ज्ञान इथे आहेच. त्याला वर्गात मानाची जागा द्यायची आहे. म्हणून गावातल्या जाणत्या बायका आमच्याकडे शिक्षक आहेत, आणि मानधन पदवीधरांच्या बरोबरीचं. पहिल्या पावसानंतर कोळूची भाजी दाखवताना त्यांतल्या एक आजी मला म्हणाल्या, “गुरुजी, पोरांना नुसतं दाखवू नका, खुडू द्या. पण कंद जमिनीत राहू द्या म्हणावं, पुढल्या साली पुन्हा यायचाय.” रानाचा वापर आणि रानाची राखण एकाच वाक्यात सांगणारा पाठ मला एकाही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

वेळापत्रक नक्षत्रांवर आखलंय. मृगाच्या आधी राब भाजलेली शेतं आणि काजवे, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, हस्तानंतर कापणीची तयारी. शहरातल्या शाळांना आमची अट आहे : तीच मुलं वर्षातून दोनदा आणा, एकदा भर पावसात आणि एकदा चैत्र-वैशाखात. ओढा दुथडी भरलेला आणि तोच कोरडाठाक, दोन्ही पाहिल्याशिवाय पाण्याचा पाठ पुरा होत नाही. काही शाळांना ही अट परवडत नाही, त्या येत नाहीत. तरी ती आम्ही सोडणार नाही. पहिला हक्क मात्र इथल्या जिल्हा परिषद शाळांच्या मुलांचा. पाहुण्या मुलांना वाट हीच मुलं दाखवतात, आणि आपला डोंगर शिकण्याजोगा आहे हे त्यांना कळलं, तर केंद्र उभारल्याचं सार्थक झालं.