पोऱ्याले कोणतं पुस्तक देऊ?

हा प्रश्न मला उन्हाळ्याची सुट्टी लागली की हमखास विचारला जातो, आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा एकदा. विचारणारा बहुधा बागेतून थेट आलेला असतो. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, खांद्यावर गमछा. "भाऊ, पोऱ्या दिवसभर मोबाइलातच राहतो. एखादं चांगलं पुस्तक सांगा त्याले." चांगलं म्हणजे कसं, हे तो सांगत नाही, पण मला कळतं. जे वाचून पोरगं पहाटे उठेल, उलटून बोलणार नाही, पहिल्या नंबरानं पास होईल, असं पुस्तक त्याला हवं असतं. तसलं पुस्तक माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. मी काही शिक्षक नव्हे, माझंही पोट केळीवरच. ओसरीत दोन कपाटं पुस्तकांची आहेत, एवढ्यावरून आमच्या दापोरा गावानं हे खातं माझ्याकडे सोपवून टाकलंय. मी विचारतो, "पोऱ्याले काय आवडतं?" बाप डोकं खाजवतो. म्हणतो, "तसं काहीच नाही." मग मी म्हणतो, त्यालाच पाठवून दे.

आमच्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. घरात खानदेशी वळणाची मराठी, शाळेत हिंदी, बाजारात जे तोंडाला येईल ते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा निमाड मध्य प्रदेशातच राहिला, म्हणून शाळा हिंदी. पोरगं घरी केयी म्हणतं, शाळेत केला लिहितं आणि मराठी पुस्तकात केळी वाचतं. त्यामुळे 'चांगलं पुस्तक' झालं की लगेच दुसरा प्रश्न, मराठी द्यायचं की हिंदी? काही जण त्यावरून तावातावानं भांडतात. मला हे भांडण कधीच उमगलं नाही, कारण माझं वाचनच या सरमिसळीतून सुरू झालं.

वडील बुऱ्हाणपूरला गेले की अधूनमधून हिंदी चंदामामा आणायचे. मामांचं गाव इच्छापूर ओलांडल्यावर, महाराष्ट्रात, आजच्या मुक्ताईनगर तालुक्यात. तेव्हा त्या तालुक्याला एदलाबाद म्हणत. मामांकडे चांदोबा येई. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये काढलेलं हे मासिक मराठीत १९५२ पासून चांदोबा नावानं निघत होतं. भाषा बदलली तरी चित्रं तीच. एका सुट्टीत मी दापोऱ्याहून नेलेला अंक मामांच्या अंकाशेजारी उघडून ठेवला. दोन्हींत चित्रकार शंकर यांनी काढलेला तोच राजा विक्रम, हातात तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत. गोष्टही तीच. हिंदीतली मला पाठ होती, म्हणून मराठीतली आपोआप उलगडत गेली. अडलो की डावीकडे बघायचं, कळलं की उजवीकडे पुढे जायचं. मराठी वाचायला मला कुणी शिकवलं नाही, त्या वेताळानं शिकवलं. आता कुणी म्हणालं की दोन भाषांत पोरं गोंधळतात, तर मला ते दोन अंक आठवतात आणि मी विषय बदलतो.

मामांच्या गावात सार्वजनिक वाचनालय होतं. ग्रामपंचायतीला लागून एक खोली, जाळीच्या दारांची लाकडी कपाटं, एक लांब टेबल आणि त्यावर वर्तमानपत्रं चाळणारी म्हातारी मंडळी. दापोऱ्यात तेव्हा मी असं काही पाहिलं नव्हतं. त्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं. मध्य प्रदेशात असा कायदाच नाही. सीमेच्या अलीकडच्या पोराला जे सणासुदीला मिळायचं ते पलीकडच्या पोराला रोज संध्याकाळी मिळत होतं.

तिथले ग्रंथपाल अर्धवेळ होते, उरलेला वेळ त्यांची शेती. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी नाव, इयत्ता काहीच विचारलं नाही. कपाटातून चार पुस्तकं काढली, सतरंजीवर माझ्यासमोर ठेवली आणि ते आपल्या रजिस्टरात डोकं घालून बसले. मला वाटलं, माणूस कामात आहे. खरं तर ते बघत होते. कोणतं पुस्तक मी उघडून लगेच मिटलं, कोणत्या पानावर रेंगाळलो, कोणतं मांडीवर घेतलं. जाताना मांडीवरचं पुस्तक त्यांनी मामांच्या खात्यावर लिहून दिलं. ते भा. रा. भागवतांचं फास्टर फेणे होतं. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याला विद्याभवन शाळेत शिकणारा. पुणं मी पाहिलेलं नव्हतं, फुरसुंगी कुठं आहे हेही माहीत नव्हतं, पण सायकलवरून भलत्याच भानगडीत घुसणारं किडकिडीत पोरगं मला चांगलं ओळखीचं होतं. आमच्याच आळीत तसले दोघे होते. परत द्यायला गेलो तेव्हा ग्रंथपाल एवढंच म्हणाले, "हं. मग आता हे." ते भागवतांनीच मराठीत आणलेलं ज्यूल व्हर्न होतं. पुस्तकातून काय शिकलास, बोध काय घेतलास, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. गोष्ट आवडली का, हेसुद्धा नाही. कव्हर किती मळलंय त्यावरून त्यांना समजत असावं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा त्यांतल्या दोन सूत्रांचा आशय आहे. ती वाचली तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि मला त्या खोलीतली सतरंजी दिसली. मामांच्या ग्रंथपालांनी रंगनाथन वाचले असतील की नाही, सांगवत नाही.

पुस्तक सुचवणारी दुसरी व्यक्ती माझी आजी. तिला अक्षर येत नव्हतं. कागदाबद्दल मात्र आदर असा की भजी बांधून आलेला पेपरही ती घडी घालून ठेवायची. (त्या पेपरचा कागदही बहुधा आमच्याच जिल्ह्यातला. नेपानगरची गिरणी १९५६ मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. सालई आणि बांबूपासून वृत्तपत्राचा कागद करणारी ती देशातली एकमेव गिरणी पुढची पंचवीस वर्षं तरी होती. पुस्तकाचं दुकान नसलेल्या मुलखानं सगळ्या देशाला छापायला कागद पुरवावा, याची मला अजून गंमत वाटते.) मामांनी एकदा बहिणाबाईंच्या गाण्यांचं पुस्तक दिलं. मी दुपारी ओसरीत मोठ्यानं वाचायला बसलो. मी पुस्तकी उच्चारांत वाचत होतो, आजी आतून तांदूळ निवडता निवडता मला सुधारत होती. "तसं नाही म्हनत कोनी." थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून ती उंबऱ्यात येऊन बसली. पुस्तकात आपल्या घरातली बोली असू शकते, हे मला त्या दुपारी कळलं, आणि मला वाटतं तिलाही. असोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. पुढं आजी रोज जेवणं झाली की म्हणायची, "ते कालचंच वाच." नवीन काही वाचू द्यायची नाही. लहान मुलंही एकच गोष्ट पंचवीसदा मागतात आणि आपण कंटाळून दुसरी पुढे करतो, तिथं आजीसारखं हटून बसणाऱ्या पोराचंच ऐकावं.

आता थोडं वाईट बोलतो. आमच्याकडे बक्षीस म्हणून, वाढदिवसाला, मुंजीत, सगळीकडे एकच पुस्तक दिलं जातं, ते म्हणजे श्यामची आई. साने गुरुजींबद्दल मला मनापासून आदर आहे. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, म्हणजे एका अर्थानं आमच्याच पट्ट्यातले. पण आठ वर्षांच्या पोराच्या हाती ते पुस्तक 'बघ, श्याम कसा होता' असं म्हणून देणं म्हणजे ताप नसलेल्याला काढा पाजणं. गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. त्यात श्याम आईच्या आठवणी सांगतो त्या आश्रमातल्या मित्रांना, रात्रीच्या वेळी. ऐकणारे मोठे आहेत, घर सोडून आलेले आहेत. आईपासून लांब गेल्यावरच ते पुस्तक खरं भिडतं. मला ते बुऱ्हाणपूरला खोली करून राहत होतो तेव्हा भिडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं रडायचं म्हणून रडलो होतो, शेजारी मामेबहीण रडत होती म्हणून. हेच गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक! रोज हातानं लिहायचं, आणि तेही वर्गाचं काम आणि वसतिगृहाची देखभाल सांभाळून. समोरच्या पोरांना आज काय लागेल हे बघून दिलेलं ते वाचन होतं. गुरुजींचं अनुकरण करायचंच तर त्याचं करावं. पण ते अवघड आहे आणि पुस्तक भेट देणं सोपं.

चकमक आलं तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत होतो. भोपाळच्या 'एकलव्य'नं १९८५ मध्ये सुरू केलेलं हे हिंदी मासिक आमच्या एका गुरुजींनी वर्गात आणलं, वर्गणी स्वतःच्या खिशातून भरून. त्यात मुलांनी स्वतः लिहिलेलं असायचं, चुकांसकट. त्याच काळात होशंगाबादकडच्या विज्ञान शिक्षणाच्या कामातून आलेले अरविंद गुप्ता कागद, काड्यापेटी, सायकलच्या नळ्या अशा फुकटच्या वस्तूंतून खेळणी करत होते. त्या खेळण्यांचा उपयोग मला तीस-पस्तीस वर्षांनी झाला. शेजारच्या एका पोराला त्याच्या बापानं माझ्याकडे पाठवलं. पोरगं गोष्ट म्हटलं की उठून जायचं. ठिबकच्या नळ्या आणि फिल्टर मात्र खोलून पुन्हा जोडायचं, आणि त्यांच्याबरोबर आलेलं माहितीपत्रक अक्षर न् अक्षर वाचायचं. म्हणजे वाचायला त्याची ना नव्हती, गोष्टीलाच होती. मी त्याला अरविंद गुप्तांचं 'कबाड़ से जुगाड़' दिलं. सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हची नळी आणून तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, त्यांत काड्या खुपसल्या आणि आधी चौकोन केला. दाबला की तो वाकडा होई. मग त्रिकोण केला. तो काही केल्या हलेना. पोरगं पान उलटून पुढची कृती वाचू लागलं, ओठ हलवत, हिंदीत. तासाभरानं ओसरीत काड्यांचा एक मनोरा उभा राहिला आणि घरातली काड्यापेटी संपली म्हणून मला बोलणी बसली. त्या पोरानं कथा-कादंबरी अजूनही हातात धरलेली नाही. न का धरेना.

गावातल्या दोघी बहिणींनी मात्र मला चांगलंच कामाला लावलं. तेत्सुको कुरोयानागी यांचं तोत्तोचान मी दोन्ही भाषांत ठेवतो, मराठी चेतना सरदेशमुख गोसावी यांचं आणि हिंदी पूर्वा याज्ञिक कुशवाहा यांचं. मोठीला मराठी हवं होतं, धाकटीला हिंदी सोपं जाई. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी तोक्योतली शाळा, आणि पहिल्याच दिवशी एका लहान मुलीची बडबड चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. दोघींचं ठरलं, रोज एक-एक प्रकरण वाचायचं आणि रात्री एकमेकींना सांगायचं. तिसऱ्या दिवशी भांडण माझ्यापर्यंत आलं. एक म्हणे असं झालं, दुसरी म्हणे तसं नाही. दोन्ही पुस्तकं उघडून ओळीओळीनं ताडून पाहिली. धाकटीनं घाईत दोन पानं एकदम उलटली होती. मुख्याध्यापक चार तास ऐकतात यावर मात्र दोघींचाही विश्वास बसत नव्हता. "काका, खरंच कोनी एवढं आयकतं?" धाकटीनं विचारलं. जपानमध्ये कोबायाशी नावाचे ते गुरुजी खरोखर होते आणि ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, हे मी तिला सांगितलं. मग ती बराच वेळ माझ्याशीच बोलत बसली, आणि मला ऐकणं भाग पडलं.

हल्ली विचारणाऱ्या बापांना मी एक गोष्ट आधी सांगून टाकतो, मोबाइल हिसकावू नका. 'बालभारती'चं किशोर १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक आता त्याच मोबाइलवर फुकट वाचायला मिळतात. घरी पुस्तक हवंच असेल तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे' घ्या. मराठीतल्या कितीतरी लेखकांचे चाखून बघण्याएवढे उतारे त्यात आहेत, आणि पोरगं कुठल्या पानावर थांबतं ते तुम्हाला गुपचूप बघता येतं. नेहरू बाल पुस्तकालयाची पातळ पुस्तकं अजूनही परवडतात. आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. या शेवटच्या अटीवर बाप हमखास नाराज होतो. मग पैसे कशाला घालायचे, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

परवा त्या दोघींचा भाऊ आला. चौथीत आहे. घरात वाचलेल्या गोष्टींच्या चर्चा रोज कानावर पडून तो वैतागलेला दिसला. कपाटापुढं उभा राहून म्हणाला, "काका, मले असं द्या ज्यात कोनाची आई मरत नाही, शाळा जळत नाही आन् शेवटी काही शिकवत नाही."

असं एक होतं माझ्याकडे. पण फास्टर फेणे त्या दोघींतल्या धाकटीनं नेलेला, आणि ती एकदा नेलेलं लवकर परत करत नाही. ते त्याचं त्यानंच मिटवावं, असं मी त्याला सांगितलं.