कोणामुळे?



दर सत्राच्या अखेरीस अभ्यासकेंद्रावर माझ्याकडे काही अर्ज येतात. ‘नोकरीमुळे स्वाध्याय वेळेत लिहिता आला नाही’, ‘घरातील लग्नकार्यामुळे संपर्कसत्रास येऊ शकलो नाही’, ‘मुलाच्या आजारपणामुळे अभ्यास राहिला’. भाषाविज्ञान हा माझा विषय असल्याने अशा वाक्यांतील आशयाआधी माझे लक्ष ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाकडे जाते. ‘मूळ’ या नामाशी नाते सांगणारा हा शब्द ज्या नामाला जोडावा, ते नाम घडलेल्या गोष्टीचे मूळ ठरते. त्याचे हे सामर्थ्य मी वर्षानुवर्षे शिकवीत आले. परंतु त्याची धार मला जाणवली ती एका फसलेल्या मॅरेथॉननंतर. ती हकिकत तुम्हांला सांगावीशी वाटते, कारण घर, नोकरी आणि स्वतःची एखादी ओढ यांची सांगड घालण्याचा खटाटोप तुम्हीही रोज करीत आहात.

मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी धावू लागले. पहाटे साडेचारला उठावे, गंगापूर धरणाच्या रस्त्याने धावून यावे आणि साडेसातच्या आत महाविद्यालयात जाण्याची तयारी करावी, असा क्रम बसला. ‘घर सांभाळून हे कसे जमते?’ असे मला अनेकांनी विचारले. खरे उत्तर असे की, त्या वेळात घर मी सांभाळत नसे. दूध तापवणे, सासूबाईंचा चहा, मुलीचा डबा ही कामे यजमान करीत. रविवारच्या लांब धावेनंतर मी दुपारभर झोपत असे आणि घरातले आवाज हलके होत. ‘मी वेळ काढते’ असे आपण सहज म्हणतो. तो कोणाकडून काढला, हे त्या वाक्यात सांगावे लागत नाही.

मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर. हा विचित्र आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधला. 1921 मध्ये तो प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. मुंबईची पहिली पूर्ण मॅरेथॉन मी पाच तास बारा मिनिटांत धावले होते. दोन वर्षांनी, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, मला ते अंतर पाच तासांच्या आत कापायचे होते. सोळा आठवड्यांचा सराव आखला. नोव्हेंबरात सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. यजमान आणि मी रुग्णालयात आळीपाळीने रात्री काढल्या. त्या काळात माझ्या दोन रविवारच्या लांब धावा बुडाल्या.

जानेवारीतल्या त्या पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी हवा गार होती. पहिले अर्धे अंतर मी अडीच तासांत कापायचे ठरवले होते. ते दोन तास सोळा मिनिटांत कापले. पाय हलके वाटत होते, माणसे टाळ्या वाजवीत होती, सागरी सेतूवर उजाडू लागले होते. त्या क्षणी मला वाटले, आज पाच तासांची गोष्टच नको, आज त्याहून पुष्कळ चांगले होणार.

शरीराचा हिशेब वेगळा असतो. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन हे धावपटूचे इंधन. वेग वाढवला की ते अधिक झपाट्याने जळते, आणि साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांचा साठा तळाला जातो. धावणारे त्या अवस्थेला ‘भिंत’ म्हणतात. मला ती भिंत वरळीच्या पुढे लागली. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला तेव्हा पोटऱ्यांत गोळे आले होते. रस्त्याकडेला उभी असलेली मुले संत्र्याच्या फोडी पुढे करीत होती. त्या घेण्यासाठी हात लांबवणेही जड वाटत होते. मराठीत शक्य क्रियापद नावाचा एक प्रकार आहे, तो तुम्ही अभ्यासला असेल. ‘मी धावले नाही’ या वाक्यात निर्णय असू शकतो. ‘मला धाववेना’ या वाक्यात इच्छा आहे, पण शक्ती नाही. त्या चढावर मला धाववेना. मी चालले. पाच तास सत्तेचाळीस मिनिटांनी शर्यत पूर्ण झाली.

तुम्ही म्हणाल, शर्यत पूर्ण झाली, पदक गळ्यात पडले, मग दुःख कसले? मलाही माझ्या दुःखाचे नवल वाटत होते. पदक मी कपाटाच्या खणात टाकले. जेवताना कोणी विषय काढला तर तुटक उत्तर देऊ लागले. पुष्कळ दिवसांनी मला उमगले ते असे: सोळा आठवडे मी घरातल्या माणसांचे तास उसने घेतले होते आणि त्यांच्यापुढे ठेवायला माझ्याकडे काही नव्हते. असे ऋण असह्य झाले की मन एक सोपी वाट शोधते. ते ऋणकोची आणि धनकोची जागाच बदलून टाकते.

चौथ्या दिवशी एका सहकारी बाईंचा दूरध्वनी आला. ‘कशी झाली शर्यत?’ या प्रश्नावर मी म्हटले, ‘आईंच्या आजारपणामुळे सरावच झाला नाही हो.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. आतल्या खोलीचे दार उघडे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले नव्हते. स्वयंपाकघरातून टकटक असा आवाज आला. वॉकर पुढे सरकवीत सासूबाई ओट्यापर्यंत पोहोचल्या होत्या आणि एका हाताने चहाचे आधण ठेवीत होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘तू जा धावायला. आता माझ्यामुळे काही राहायला नको.’

त्यांच्या स्वरात राग नव्हता, हे अधिक लागले. मी त्यांना धरून खुर्चीवर बसवले. तोंडून शब्द फुटेना. त्या रात्री मुलीने माझ्या घड्याळातली नोंद उघडून समोर ठेवली. ‘आई, पहिली एकवीस किलोमीटर बघ,’ एवढेच ती म्हणाली. मी सरावाची वही काढली. सोळा रविवारांपैकी बुडाले होते दोन. तेवढ्याने मला कदाचित दहा मिनिटे अधिक लागली असती. उरलेला सारा वेळ पहिल्या टप्प्यातल्या त्या चौदा मिनिटांच्या घाईने गिळला होता. म्हणजे खरे वाक्य असे होते: ‘मी सुरुवातीला फार वेगात धावले.’ कर्ता प्रथमेत, क्रियापद साधे, आणि ‘मुळे’ला कोठेही जागा नाही.

1908 च्या त्याच लंडनच्या शर्यतीत दोरान्दो पिएत्री हा इटलीचा धावपटू सर्वांत आधी मैदानात शिरला, पण चुकीच्या दिशेला वळला आणि पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी आधार देऊन त्याला शेवटच्या रेषेपलीकडे नेले. मदतीमुळे तो पहिला आला आणि मदतीमुळेच बाद ठरला. एकच अव्यय, एकच नाम, आणि अर्थ परस्परविरुद्ध. माझ्या बाबतीतही ‘घरामुळे राहिले’ असे म्हणणारी मी ‘घरामुळे इथवर आले’ हे वाक्य कधी उच्चारले नव्हते.

सकाळी मी सासूबाईंच्या पलंगाशी जाऊन बसले. म्हटले, ‘आई, तुमच्यामुळे काही राहिलं नाही. मीच सुरुवातीला घाई केली. परवा फोनवर खोटं बोलले.’ त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘एवढं शिकलीस आणि आरंभशूर निघालीस!’ आम्ही दोघीही हसलो. त्यानंतर मी दाराशी उभी राहून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सहकारी बाईंना दूरध्वनी केला आणि वाक्य दुरुस्त केले.

मित्रहो, यावरून ‘मुळे’ हा शब्द वापरूच नये, असे मी सुचवीत नाही. माझी एक विद्यार्थिनी परिचारिका होती. सलग रात्रपाळ्या करून ती परीक्षेला बसली आणि एका विषयात नापास झाली. ‘रात्रपाळीमुळे’ हे तिच्या अर्जातले कारण पूर्ण खरे होते आणि ते तिने ठामपणे लिहिले, हे योग्यच झाले. सगळा दोष स्वतःकडे ओढून घेणे हेही असत्यच. मात्र गुणपत्रिका हाती येईल आणि मन खट्टू होईल, तेव्हा वहीत दोन वाक्ये लिहून पाहावीत: एक ‘मुळे’ असलेले आणि एक ‘मी’ने सुरू होणारे. दोन्ही मोठ्याने वाचावीत. कोणते खरे, हे कानाला बहुधा लगेच कळते. पहिले वाक्य खरे वाटले, तर ज्या माणसाचे नाव त्यात आले आहे त्याच्यासमोर ते म्हणता येईल का, हेही पाहावे.

पुढच्या मॅरेथॉनला मला पाच तास तीन मिनिटे लागली. पाच तासांची मर्यादा अजून ओलांडता आलेली नाही. आता सासूबाई काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. मी लांब धाव संपवून फाटक उघडते, तेव्हा त्या वेळ विचारीत नाहीत. ‘सुरुवात सावकाश केलीस ना?’ एवढेच विचारतात.