दहांतून उणे

हवाई कसरतींच्या स्पर्धेंत पंच गुण कसे देतात, हें परवां आमच्या वाचनांत आलें. प्रत्येक कसरतीस आरंभीं पुरे १० गुण; विमानाची रेषा ५ अंशांनीं कलली कीं १ उणा. मग स्पेनचे वैमानिक आरेस्ती यांच्या कोष्टकांतील कठीणपणाच्या अंकानें ते गुणावयाचे. म्हणून अवघड कसरतींतले ८ गुण सोप्या कसरतींतल्या १० गुणांहूनहि भारी ठरतात.

गौरीच्या दिवशीं सूनबाईनें तीस पानांचा स्वयंपाक एकटीनें केला. आम्हीं मात्र ‘कटाच्या आमटींत मीठ कमी’ एवढेंच म्हटलें. आमची मोजणी शून्यापासून, आणि कठीणपणाचा अंक तर आमच्या गांवींहि नव्हता! काल तिच्यापाशीं आम्हीं तें कबूल केलें. ती नुसती हंसली. आम्हांस किती गुण मिळाले, देव जाणे!