बिदागी

डिसेंबर २०२० मध्ये, महामारीचे पहिले वर्ष सरत असताना, 'डिव्हाइन' या नावाने गाणाऱ्या व्हिव्हियन फर्नांडिसचा 'पुण्य पाप' हा अल्बम प्रसिद्ध झाला. अंधेरी पूर्वेकडील जे. बी. नगरातील चाळीत वाढलेला हा तरुण तोवर मुंबईच्या रॅपमधला जुना-जाणता झाला होता. वय तिशीच्या उंबरठ्यावर. पण ज्या कलेचे या शहरातील आयुष्यच जेमतेम दशकाचे, तिच्यात तिशीतच वडीलकी येते. अल्बमच्या आगेमागेच त्यातील 'मिरची' हे गाणे गाजू लागले होते. ब्रिटनमधील डान्सहॉल गायक स्टायलो जी, धारावीचा एमसी अल्ताफ आणि फेनॉम यांच्या साथीने रचलेले हे गाणे पाय थिरकवण्यासाठी आहे आणि तसे असल्याचे ते लपवत नाही. वरातीत, मद्यगृहात, जाहिरातीत, कुठेही ते शोभून दिसावे. डिव्हाइनच्या पहिल्या दिवसांपासूनच्या श्रोत्यांतील काहींना नेमके हेच खुपले. गल्लीचा आवाज आता बाजाराचा झाला, अशी ती तक्रार.

ही तक्रार समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. २०१३ च्या सुमारास 'ये मेरा बॉम्बे' आले. एप्रिल २०१५ मध्ये कुर्ल्याच्या नेझीसोबतचे 'मेरे गली में' आले. त्या गाण्यांतली मुंबई चित्रपटातल्या मुंबईसारखी सागरकिनाऱ्यावरून पाहिलेली नव्हती. ती नळाच्या रांगेतून, रिक्षा थांब्यावरून, कोपऱ्यावरच्या पोरांच्या घोळक्यातून पाहिलेली होती; भाषाही तिथलीच, हिंदी म्हणावी तर मराठी आडवी येणारी. पुढे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर यांचा 'गली बॉय' प्रदर्शित झाला. नेझी आणि डिव्हाइन यांच्या आयुष्यांवरून सैलपणे सुचलेल्या त्या चित्रपटाने गल्ली हा शब्द देशभर नेला, आणि 'अपना टाइम आएगा' या गाण्याच्या रचनेत डिव्हाइनचा स्वतःचा हात होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'कोहिनूर' हा त्याचा पहिला अल्बम निघाला. न्यूयॉर्कचा विख्यात रॅपर नास याच्याशी संबंधित 'मास अपील' या संस्थेची भारतीय शाखा त्यामागे होती. म्हणजे 'पुण्य पाप' येईपर्यंत बाजार दारात उभा नव्हता. तो केव्हाच घरात येऊन बसला होता. तक्रार मात्र 'मिरची'पाशी झाली, कारण तोवर बाजाराचा आवाज गाण्याच्या बाहेर होता, आता तो ठेक्यात ऐकू आला.

यात एक गंमत आहे. अमेरिकेत रॅप आधी वस्तीतून निघाले आणि मग बाजारात गेले. १९९० साली एमसी हॅमरच्या अल्बमचा अफाट खप झाला तेव्हा जुन्या रॅपरांनी त्याची यथेच्छ टर उडवली, आणि १९९६ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा ती टर खरी ठरल्यासारखे पुष्कळांना वाटले. भारतात क्रम उलटा लागला. इथे आधी बाजारच आला. १९९२ चे बाबा सेहगलचे 'ठंडा ठंडा पानी' घराघरांत वाजले, हसवून गेले, आणि रॅप म्हणजे गमतीचे बोलगाणे अशी समजूत मागे ठेवून गेले. गल्ली नंतर आली. त्यामुळे डिव्हाइनवर रागावणारे श्रोते एका अर्थी असे माहेर राखत होते, जे या देशातल्या रॅपला जन्मतः नव्हतेच. ते त्यांनी आणि त्याने मिळून पाचसात वर्षांत बांधले होते. नव्याने बांधलेल्या घराविषयी माणूस अधिक हळवा असतो.

मराठीत गाण्याच्या मोबदल्याला एक शब्द नाही, अनेक आहेत. कीर्तनकाराला आणि गवयाला मिळते ती बिदागी. तमाशाच्या फडात नाचणारणीवर उधळली जाते ती दौलतजादा. बँडवाल्याला आणि जलशाला दिली जाते ती सुपारी. साहित्यिकाला मिळते ते मानधन, आणि ते बहुधा वेळेवर मिळत नाही. रुपया एकच, पण तो कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातो यावर त्याची जात ठरते. 'बाजारू' हे विशेषण आपण बिदागी घेणाऱ्याला सहसा लावत नाही. दौलतजादा घेणारणीला ते न सांगता लागलेले असते. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा रेठऱ्याचा ब्राह्मण तमाशात शिरला, पठ्ठे बापूराव झाला, पवळाबरोबर त्याने महाराष्ट्र वेडा केला. समाजाला खटकले ते त्याच्या लावण्यांचे दाम नव्हते. कोणत्या पंक्तीतून उठून तो कोणत्या पंक्तीला बसला, हे होते. १९४५ मध्ये पुण्यात तो विपन्नावस्थेत गेला. रामजोशी उलट्या वाटेने गेले असे परंपरा सांगते. मोरोपंतांच्या सहवासात लावणीकडून कीर्तनाकडे. त्यांना कोणी बाजारू म्हटले नाही. रॅपरावरचा आरोप मराठी कानाला नवा वाटत नाही तो यामुळे.

जयपूरच्या शास्त्रीनगरातील एका मराठी घरात हा अल्बम पोहोचला तो याच शब्दांच्या ओझ्यासह. नाहरगडच्या डोंगरांच्या अंगाने पसरलेली ही दाट वस्ती. विज्ञान उद्यान आणि कांवटिया रुग्णालय या तिच्या खुणा. घरात सोळा वर्षांचा नातू होता आणि परळच्या गिरणगावात लहानाचे मोठे झालेले, नोकरीनिमित्त इकडे येऊन इथलेच झालेले आजोबा होते. शाळा पडद्यावर भरत होती, दारे बंद होती, आणि एरवी कानांत खुपसलेले गाणे त्या हिवाळ्यात घरभर ऐकू येत होते. नातवाचा 'मिरची'वर राग होता. त्याने आजोबांना आधी 'मेरे गली में' ऐकवले, मग 'मिरची', आणि न्यायनिवाड्याची अपेक्षा धरून तो थांबला.

आजोबांनी विचारले, "याला यातून मिळाले किती?"

नातवाला हा प्रश्न हीन वाटला. "आजोबा, पैशाचा प्रश्न नाहीये. तो आता आपला राहिला नाही."

"आपला म्हणजे कोणाचा? तू अंधेरी पाहिली आहेस का?"

त्याने पाहिली नव्हती. हा मुद्दा दिसतो तितका किरकोळ नाही. शास्त्रीनगरच्या मुलाला जे. बी. नगरची गल्ली ज्या वाटेने मिळाली, ती वाट ध्वनिमुद्रण कंपनीची, चित्रपटाची आणि भ्रमणध्वनीची होती. बाजाराने ती त्याच्या हाती आणून दिली नसती तर बाजाराने ती बिघडवली म्हणून रागावण्याची संधीही त्याला मिळाली नसती. तरीही त्याचा राग खोटा म्हणता येत नाही. 'मेरे गली में' या गाण्याला पत्ता आहे. 'मिरची'ला नाही, ते कुठूनही कुठेही पाठवता येते. अल्बमचे शीर्षकगीत आत वळणारे आहे, 'सत्य'सारख्या गाण्यात जुना पीळ अजून आहे, आणि संपूर्ण संग्रहाला केवळ नाचगाणे ठरवणे हा आळशी निकाल होईल. पण पत्ता पुसला गेल्याची जाणीव त्या मुलाला झाली होती आणि ती अचूक होती. दाम घेतल्याने पत्ता पुसला जातोच असे नाही, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

आजोबांना ते ठाऊक होते, कारण त्यांनी लहानपणी अमरशेख ऐकले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत परळच्या मैदानात तो पहाडी आवाज उठला की गिरणीचा भोंगा विसरायला होई, असे ते सांगत. गाणे संपले की झोळी फिरे. कामगार तीत आणे टाकत. "ती काय होती, बिदागी की सुपारी?" या प्रश्नावर ते स्वतःच थबकले, झोळीला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. अण्णा भाऊ साठे यांच्याविषयीही ते बोलले. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिणारा हा माणूस १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला जाऊन आला, त्याच्या पुस्तकांची रशियन भाषांतरे झाली, कथांवर चित्रपट निघाले, आणि १९६९ च्या जुलैत तो गेला तेव्हा दारिद्र्य सोबत होतेच. आजोबांच्या आवाजात अभिमानापेक्षा चीड अधिक होती. शाहिराने गरीबच राहावे ही अपेक्षा बहुधा ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांचीच असते, असे त्यांचे मत. आणि चाळीतून निघालेल्या पोराने दोन पैसे गाठीला बांधले तर त्यांना त्याचे बरे वाटत होते. गाणे मात्र त्यांनाही पहिलेच आवडले होते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे नातवाला पटायला वेळ लागला.

वाद तिथे मिटला नाही, फक्त त्याचा विषय बदलला. डिव्हाइनचा 'गुनेहगार' नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. जुन्या चित्रपटगीताच्या आठवणीवर उभे असलेले 'बाज़ीगर' त्यातलेच. तोवर नातू पुण्यास शिकायला गेला होता आणि त्याचे कान दुसरीकडे वळले होते. मुंबईच्या 'स्वदेसी' या समूहातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलाविषयीच्या 'वारली रिव्होल्ट'मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा सूर होता. याच समूहातला धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. ही मंडळी मोठ्या बाजारात फारशी दिसली नाहीत. त्यांची गाणी नातू जयपूरला पाठवी आणि आजोबा ती डोळे मिटून ऐकत. शब्द भरभर जातात, दम घ्यायला जागा ठेवत नाहीत, अशी त्यांची एक कायमची कुरकूर होती.

एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर, सत्ताकारणावर टीका करणाऱ्या गाण्यांपायी, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. बातमी नातवाने पाठवली. सोबत लिहिले की बघा, हे विकले गेलेले नाहीत. शास्त्रीनगरच्या घरात ती चष्मा लावून दोनदा वाचली गेली. मग आजोबांनी दूरध्वनी केला. गाणे कसे आहे, हे त्यांनी विचारले नाही. पोरांना वकील कोणी दिला, आणि त्यांच्यासाठी कोणी झोळी फिरवली का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.