चर्चापानावरील शिष्टाचार

विकिपीडियावरील लेख वाचणाऱ्याची दृष्टी त्यामागील चर्चापानाकडे क्वचितच जाते. परंतु लेखाची योग्यता पुष्कळदा तेथेच ठरत असल्यामुळे, या कामात आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या माझ्यासारख्यास कोणी एखाद्या लेखाची विश्वसनीयता विचारली, तर मी प्रथम त्याचे चर्चापान उघडतो.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी दीर्घकाळ रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आढळली, आणि कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’चाही तिला दुजोरा आहे. आता ही दुसरी तिथी मान्य असलेल्यांपैकीच एकजण १९ फेब्रुवारी १६३० असे लिहितो, दुसरा ते खोडून १ मार्च करतो, पहिला तो फेरफार उलटवितो. आणि वस्तुतः दोघांचेही म्हणणे बरोबर असते, कारण पहिली तारीख ज्युलियन गणनेची असून दुसरी ग्रेगोरियन गणनेची आहे, व त्या काळी दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. ‘आपणांस इतिहासाचा गंध नाही’ अशा शेऱ्याने हा तंटा महिनोगणती धुमसत राहील; ‘ही तारीख आपण कोणत्या गणनेने घेतली, ते कृपया कळवावे’ एवढी पृच्छा केली, तर दोन उत्तरांत त्याचा निकाल लागतो. सौजन्याचे मोल मी मानतो ते अशा ठिकाणी. त्यावाचून पुरावा पुढे येतच नाही.

बाकीचे शिरस्ते किरकोळ दिसतात. मजकुराखाली सही करावी, उत्तर ज्याचे त्याच्याखाली समासापासून थोडे आत सरकवून लिहावे, दुसऱ्याच्या शब्दांना हात लावू नये, आणि स्वतःचे विधान मागे घ्यावयाचे तर ते पुसून न टाकता त्यावर रेघ मारावी. पुढे कित्येक वर्षांनी दप्तर चाळणाऱ्यास कोण, केव्हा, कशास उत्तर देत होता याचा उलगडा व्हावा, हाच यांतील हेतू आहे. इंग्रजी विकिपीडियात तर एकाच पानावर चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचे काम उलटविणाऱ्यावर, त्याचा पक्ष खरा असला तरीही, सामान्यतः बंदी येऊ शकते. हा नियम मला न्याय्य वाटतो.

प्रतिष्ठेचा प्रश्न याहून नाजूक आहे. संपादनसंख्या सर्वांना दिसते, म्हणून तीच योग्यता मानण्याचा मोह होतो. पण एक स्वल्पविराम हलविणे आणि आठवडाभर साधने धुंडाळून एक परिच्छेद सिद्ध करणे यांची त्या हिशेबात एकच नोंद होते. प्रचालकास पाने वगळण्याचा, ती सुरक्षित करण्याचा व सदस्यांस प्रतिबंध करण्याचा अधिकार असतो. तथापि हा हुद्दा म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, असे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००३ सालीच बजावले होते, आणि ज्या वादात आपण स्वतः पक्षकार आहोत तेथे हा अधिकार वापरू नये, हा संकेत त्याच वृत्तीतून आलेला आहे. खरा अधिकार मी त्याचा मानतो, जो आपल्याच बाजूचा दुबळा दाखला उघडपणे नाकारतो. अशा माणसाने संदर्भ मागितला, तर विरोधकासही तो अपमान वाटत नाही.

आणि याची कसोटी लागते ती नवागतापाशी. कोणी आपल्या गावच्या जत्रेविषयी आस्थेने चार ओळी लिहितो, आधार देत नाही. काही क्षणांत त्या नाहीशा होतात आणि त्याच्या चर्चापानावर तयार छापाची ताकीद येऊन पडते. तोच मजकूर ‘संदर्भ हवा’ अशी खूण करून राहू दिला आणि जत्रेची माहिती कोणत्या गॅझेटिअरमध्ये पाहावी हे दोन ओळींत कळविले, तर तो मनुष्य बहुधा परत येतो. लिहिणारे हात मुळातच थोडे असलेल्या मराठीला असा नवागत गमावण्याची हानी सोसवणारी नाही. म्हणून प्रचालकपदासाठी कौल लागला म्हणजे मी उमेदवाराने नवागतांच्या पानांवर काय लिहिले आहे ते वाचतो. तेथे नुसत्या ताकिदीच आढळल्या, तर माझे मत विरोधात नोंदवितो आणि त्याचे कारण सहीनिशी खाली लिहितो.