नकाशावरचे चार सेंटिमीटर

सेवेच्या सुरुवातीच्या काळात अरुणाचल प्रदेशात असताना नामदाफाच्या अरण्यातून विजयनगरपर्यंत पायी दौरा करण्याचा प्रसंग आला. मियाओपासून विजयनगर १५७ किलोमीटर. त्या वेळी तो रस्ता दरडींनी जागोजागी गिळला होता. चालत जवळजवळ आठवडा लागे.

तिसऱ्या दिवशी नोआ-दिहिंग नदीच्या काठची पायवाट वाहून गेलेली दिसली. आमच्या लिसू वाटाड्याचे मत पडले की मागे फिरून वरच्या ओढ्याने वळसा घालावा. दीड दिवस जाईल. मी १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उघडला. समोरची सोंड ओलांडणे म्हणजे कागदावर चार सेंटिमीटर, जमिनीवर दोन किलोमीटर. सह्याद्रीतले गड चढल्याचा अभिमान होताच. “साहेब, पलीकडे उतरायला जागा नाही,” एवढेच तो म्हणाला. मी सोंडेवरूनच जाण्याचा हुकूम दिला.

बांबू आणि वेताच्या जाळीत वाट तोडत तासाला दोनशे मीटरही सरकता येईना. संध्याकाळी आम्ही एका कड्याच्या माथ्यावर पोहोचलो. नकाशात तो कडा नव्हता. अशा नकाशात समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या फरकाने काढतात. पंधरा मीटरचा कडा दोन रेषांमध्ये सहज लपतो. प्रशिक्षणात हे मी शिकलो होतो. अंधारात मागे फिरताना एका हमालाचा पाय घसरून गुडघा दुखावला. ती रात्र पाण्याविना काढली. सकाळी वाटाड्या पुढे झाला आणि मी मुकाट्याने त्याच्या मागे.

त्या हमालाला महिनाभर ओझे उचलता आले नाही. त्याची मजुरी मी खिशातून दिली. त्यात औदार्य काहीच नव्हते. दौऱ्याच्या अहवालात मात्र मी ‘मार्ग दुर्गम असल्याने विलंब’ असे लिहिले. वाक्य खोटे नव्हते. पण विलंबाचे खरे कारण माझा हुकूम होता आणि त्यासाठी अहवालात रकाना नव्हता.

पुढे धान्यवाटप असो वा मतदान पथक, अंतर किलोमीटरमध्ये आले की मी दोन प्रश्न विचारू लागलो: चालायला किती तास लागतात, आणि हे कोणी चालून पाहिले आहे? दुसऱ्या प्रश्नावर पुष्कळ बैठकांत शांतता पसरते. अशा वेळी निर्णय एक दिवस पुढे ढकलावा आणि गावबुढ्याला बोलावून घ्यावे, असे माझे मत आहे.