दिवे घाटापलीकडे : पायी चालणाऱ्यांचा रस्ता

पुण्यात हडपसरच्या गाडीतळावर दोन रस्ते वेगळे होतात. सरळ जातो तो सोलापूरचा, उजवीकडे वळतो तो सासवडचा. सोलापूर रस्त्याचा थाट पहिल्यापासूनच मोठा. सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद अशी गावे जोडीत फलटणकडे जाणारा दुसरा रस्ता मात्र कित्येक दशके एक साधा राज्यमार्ग होता. आज तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ म्हणून ओळखला जातो. क्रमांक बदलला तरी एक गोष्ट बदललेली नाही. या रस्त्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्यांचा आहे, असे येथील लोक आजही मनापासून मानतात.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे मागे पडली की वडकीनंतर दिवे घाट सुरू होतो. चढण फार उंच नाही, पण वळणे अंगावर येतात. डाव्या-उजव्या वळणांवरून मागे पाहिले की खाली मस्तानी तलाव दिसतो. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरातला मुक्काम आटोपून निघते. सासवडपर्यंतचा हा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा, आणि त्यातही दिवसभराच्या चालीनंतर हा घाट पुढे उभा. चढणीवर रथाला बैलांच्या जादा जोड्या जुंपतात. आज दिसते ती लवाजम्यासह पालखीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली. त्यांना घोडे आणि तंबू अंकलीच्या शितोळे सरदारांनी दिले. वारी म्हणजे नुसती गर्दी नव्हे. कोणती दिंडी कोणाच्या मागे, मुक्काम कोठे, जेवण कोणाकडे, हे सारे ठरलेले असते. त्यात हिशेबाची जी शिस्त आहे, ती पुष्कळ कार्यालयांना हेवा वाटावी अशी आहे.

घाट चढून गेले की हवा बदलते. हा पुरंदरचा पठारी, कमी पावसाचा मुलूख. कऱ्हा नदीच्या काठी सासवड आहे. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ उभे आहे. ज्ञानदेवांचे बंधू सोपानदेव यांची समाधी येथेच. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे १७२० मध्ये सासवडलाच निधन झाले. जवळच्या कोडीत गावी १८९८ मध्ये आचार्य अत्रे जन्मले. महात्मा फुले यांच्या घराण्याचे नाते सांगणारे खानवडीही याच परिसरात आहे. एवढ्याशा टापूत एवढी माणसे निपजावीत, याचे नवल वाटते.

हा रस्ता केवळ संतांचा नव्हता. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग पुण्याहून फौज घेऊन याच मुलखात उतरले आणि पुरंदरला वेढा पडला. त्याच वर्षी जून महिन्यात पुरंदरचा तह झाला. पुढे इंग्रजी अमलाच्या आरंभी भिवडीच्या उमाजी नाईकांनी याच डोंगररांगांत बंड उभारले. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी देण्यात आली.

सासवडचा बाजार अंजीर आणि सीताफळ यांचा. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. अंजिराची गणना उदुंबर फळांत होत असल्याने श्रावकाच्या ताटात त्याला स्थान नाही. तरी पाटीत हिरव्या पानावर रचलेली ती फळे पाहून थांबावेसे वाटतेच. जेजुरी येण्याआधीच दुकानांच्या दारांतून भंडाऱ्याचा पिवळा रंग दिसू लागतो. गडावरचा खंडोबा हे धनगर, रामोशी, कोळी, ब्राह्मण अशा अनेकांचे कुलदैवत. पुढे वाल्हे, जेथे वाल्मीकींची आठवण सांगतात, आणि मग नीरा.

नीरा ही नदी म्हणजे या रस्त्याची खरी शीव. येथे माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी पुणे जिल्हा सोडून सातारा जिल्ह्यात पाऊल ठेवते. नदीच्या अलीकडे कोरडवाहू जमीन, पलीकडे जसजसे पुढे जावे तसतसा ऊस. हा फरक पावसाने नव्हे, कालव्याने घडवला. भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या उजव्या कालव्यातून फलटण-माळशिरसकडे वळले, तेव्हा या गावांत पैसा आला. पैसा आला तेव्हा पेढ्या आल्या.

लोणंदची बाजारपेठ कांद्याची. ज्या व्यापारी कुटुंबांच्या स्वयंपाकघरात कांदा कधी शिरला नाही, त्यांनाही लोणंदचा भाव ठाऊक असतो. कारण भागातल्या शेतकऱ्याची उधारी त्या भावावरच फिटते. लोणंदला पुणे-मिरज रेल्वे पूर्वीपासून आहे. लोणंद-फलटण लोहमार्ग मात्र अगदी अलीकडचा. त्यामुळे फलटणचा माल कित्येक पिढ्या या रस्त्यानेच ये-जा करीत राहिला.

तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे वारीतले पहिले उभे रिंगण होते. तेथून फलटण दूर नाही. नाईक-निंबाळकरांचे हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. महानुभाव पंथाचेही हे मोठे क्षेत्र. जबरेश्वराचे जुने दगडी देऊळ मूळचे जैन मंदिर असावे, असे मानले जाते. गुजरातेतून आलेली हुंबड जैन कुटुंबे फलटण, नातेपुते, बारामती, अकलूज येथे स्थिरावली आणि बोलता बोलता मराठी झाली. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले, ते फलटणलाच जतन केलेले आहेत. ताडपत्राला वाळवी लागते, कागद पिवळा पडतो. तांबे टिकते, हा त्यामागचा साधा विचार.

येथे या रस्त्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते. आषाढ शुद्ध एकादशीला वारकरी पंढरपुरी पोहोचतात, आणि त्याच पंधरवड्यात जैन साधू-साध्वींचा चातुर्मास बसतो. वारकऱ्यांची चाल संपते न संपते तोच साधूंचे पाय चार महिन्यांसाठी थांबतात. दिवाळी, कार्तिकी पौर्णिमा उलटली की त्यांचा विहार पुन्हा सुरू होतो. पहाटे पांढऱ्या वस्त्रांतील साध्वींचा लहानसा संघ, किंवा पिंछी-कमंडलू घेतलेले दिगंबर मुनी या रस्त्याच्या कडेने जाताना दिसतात. वाहन त्यांना वर्ज्य, पादत्राणही वर्ज्य. डांबर तापण्याआधी पुढचा मुक्काम गाठायचा असतो, आणि नेमकी तीच वेळ मालमोटारींच्या वर्दळीची.

२०१९ च्या नोव्हेंबरात दिवे घाटात एक मोठे यंत्रवाहन उतारावर ताबा सुटून कार्तिकीसाठी आळंदीकडे निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत घुसले. दोघांचे प्राण गेले, अनेक जखमी झाले. विहारात असलेल्या साधू-साध्वींच्या अपघाताच्या वार्ताही ठिकठिकाणांहून येत राहतात. प्रत्येक वेळी हळहळ व्यक्त होते, श्रद्धांजलीची सभा होते, आणि कडेची चार फूट जागा आहे तशीच राहते.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले. दिवे घाटापासून मोहोळपर्यंत सुमारे २२१ किलोमीटरच्या या कामाचा खर्च ६,६९० कोटी रुपयांहून अधिक सांगितला गेला. त्यात दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग राखण्याचे ठरले. महामार्गाच्या अंदाजपत्रकात पादचाऱ्याच्या नावे जागा मांडली जावी, ही आपल्याकडे विरळा नोंद. रुंदीकरणात जुनी सावली देणारी झाडे गेली, हे मात्र खर्चाच्या बाजूला लिहावेच लागेल. वडाच्या मोठ्या झाडाची भरपाई रोपांच्या संख्येने होत नाही. उन्हात अनवाणी चालणाऱ्याला तर मुळीच नाही.

राखलेली जागा राखणे हे पुढचे काम, आणि ते ठेकेदाराचे नाही. ढाब्यासमोर पादचारी पट्ट्यावर ट्रक उभा राहिला, रसवंतीचे बाकडे चार हात पुढे सरकले, की तेवढ्या अंतरापुरता चालणारा पुन्हा मुख्य रस्त्यावर येतो. हे अडवणे गावकऱ्यांच्याच हाती आहे. वारीच्या दिवसांत प्रत्येक गाव ते बिनबोभाट करते. पाणी ठेवते, खडी झाडते, गाड्या हलवते. कार्तिकानंतर पाच-सात साध्वी निघतात तेव्हा ना नगारा असतो ना पोलीस. कोणीतरी श्रावक पुढच्या गावी निरोप देतो, शाळेची एखादी खोली रात्रीपुरती उघडली जाते, आणि उजाडायच्या आत त्या नीरेच्या पुलावर पोहोचलेल्या असतात.